तालमीचा खुराक आणि चेहऱ्यावरचे मुरूम

कोल्हापुरात तालमीत राहणाऱ्या पोरानं दूध कमी केलं की त्याला घरात, गावात आणि आखाड्यात, तिन्ही ठिकाणी उत्तर द्यावं लागतं. मी ते दिलं, आणि दूध कमी केल्यानं माझ्या चेहऱ्यावरचे मुरूम कमी व्हायला मदत झाली. माझ्या मागून आलेली पोरं आता विचारतात, तू कुठला रस पितोस, काय लावतोस? एका वाक्यात सांगता येईल असं ते नाही, म्हणून सगळं नीट लिहून काढतोय.

माझं गाव पन्हाळा तालुक्यात. दहावी झाल्यावर वडिलांनी मला कोल्हापूरला तालमीत ठेवलं. पहाटे उठून जोर-बैठका, मग हौद्यात, म्हणजे आखाड्याच्या मातीत, लढती, दुपारी झोप, संध्याकाळी परत मेहनत. या सगळ्याला पुरेल असा खुराक लागतो, आणि आमच्याकडे खुराक म्हटलं की आधी दूध. कोल्हापुरातल्या गंगावेशीत म्हशी समोर उभ्या करून, धार काढून, फेसाळ पेला हातात देतात. लहानपणी वडील मला तिथं घेऊन जायचे, आणि तो पेला एका दमात संपवला की पाठीवर थाप पडायची. तालमीत तर रोज लिटरभर, कधी त्याहून जास्त. वर थंडाई. रात्री भिजवलेले बदाम सोलून, खसखस, बडीशेप आणि काळी मिरी घालून कुंडीत सोट्यानं घोटत बसायचं. हात भरून येईपर्यंत घोटलं की ते लोण्यासारखं मऊ होतं, मग त्यात दूध आणि खडीसाखर. ती घोटण्याची पाळी मला फार आवडायची, अजून आवडते.

मुरूम मला आधीपासून होते, पण कपाळावर चार-दोन. तालमीत वर्ष होत आलं तसे ते गालावर, जबड्याच्या कडेला, मानेवर, खांद्यांवर आणि पाठभर पसरले. त्यातले काही कातडीच्या खाली गाठीसारखे होते, हात लावला तरी ठणकायचे. कुस्तीत समोरच्याचा हात मानेवर पडतो, कोपर जबड्याला घासतं. पकड सोडवताना एखादी गाठ फुटली की डोळ्यांत पाणी यायचं. दाढी करणं नको वाटायचं. कॉलेजच्या ओळखपत्राचा फोटो काढायचं मी किती तरी दिवस टाळत होतो. पोरांच्या तोंडावर मुरूम आले तर त्यात काय एवढं, असं लोक सहज बोलून जातात. पण गावाकडं कुणी आलं की पहिली नजर चेहऱ्यावर जाते आणि तिथंच थांबते, हे रोज सोसणाऱ्यालाच कळतं.

सल्ले भरपूर मिळाले. वस्ताद म्हणाले, अंगात उष्णता झाली आहे, मटण आणि तिखट कमी कर. मामीनं कडुलिंबाच्या पानांचा रस सांगितला. रंकाळा तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी रसवाले बसतात. दुधी, कारलं, आवळा, गव्हांकुर, गाजर-बीट असं सगळं बरण्यांतून भरून ठेवलेलं असतं. माझ्या जोडीचा एक पैलवान मला तिथं घेऊन जायला लागला. रोज एक पेला गाजर-बीट, त्यात थोडा आवळा. रस पिऊन पोट हलकं वाटायचं, तोंडाला चव यायची, पण चेहरा होता तसाच राहिला. तो जोडीदार घरीही दोन-दोन पेले गाजराचा रस प्यायचा, त्याच्या तळहातांवर पिवळसर झाक आली. गाजरातलं कॅरोटीन कातडीत साठतं म्हणून असं होतं. त्यानं अपाय होत नाही, प्रमाण कमी केलं की रंग उतरतो. पण मुरमांशी त्याचा काही संबंध नाही.

शेवटी कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. मॅडमनी चेहरा बघितला, शर्ट काढायला लावून पाठ बघितली, आणि पहिला प्रश्न विचारला, "इंजेक्शनं घेतोस का? डब्यातली पावडर?" मी नाही म्हणालो. त्यांनी परत एकदा विचारलं. अंगबांधणीसाठी बाजारात मिळणाऱ्या स्टेरॉइडनं पाठीवर आणि छातीवर असेच मुरूम येतात, आणि व्हे प्रोटीन, म्हणजे दुधातून काढलेल्या प्रथिनांची डब्यातली पावडर, घेणाऱ्या पोरांमध्येही ते वाढलेले दिसतात, म्हणून विचारावं लागतं, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी एक कागद दिला. आठवडाभर जे तोंडात जाईल ते सगळं लिहायचं, पाणी सोडून.

पुढच्या खेपेला त्यांनी तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि पेनानं खुणा केल्या. तिखटावर खूण नव्हती, मटणावरही नव्हती. खुणा होत्या दुधावर, थंडाईतल्या खडीसाखरेवर, संध्याकाळच्या उसाच्या रसावर, मिसळीसोबतच्या स्लाइस ब्रेडवर आणि चहाबरोबरच्या खारी-टोस्टवर.

त्यांनी समजावलं ते मला जसं कळलं तसं सांगतो. वयात येताना अँड्रोजन नावाची संप्रेरकं वाढतात, कातडीतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडतात. केसाच्या मुळाचं तोंड मेलेल्या पेशींनी बंद होतं, तेल आत अडकतं, तिथं मुळातच राहणारे जिवाणू वाढतात आणि सूज येते. हा झाला मुरूम. तो दिसायच्या कितीतरी आठवडे आधी आत तयार व्हायला लागलेला असतो, म्हणून आज काही बदललं तर आठ दिवसांत फरक शोधायचा नाही. 8 ते 12 आठवडे थांबायचं. आता खाण्याचा भाग. साखर, मैदा, गोड रस यांनी रक्तातली साखर झपाट्यानं चढते, ती उतरवायला शरीर इन्सुलिन सोडतं, आणि इन्सुलिनबरोबर आयजीएफ-1 नावाचं दुसरं संप्रेरक वाढतं. ही दोन्ही मिळून तैलग्रंथींना आणखी तेल सोडायला लावतात. दुधातली साखर रक्तात तशी हळू चढते, तरी दूध इन्सुलिन बरंच वाढवतं, कारण त्यातली प्रथिनंच तसं काम करतात. वासराला भराभर वाढवण्यासाठीच ते असतं.

नंतर मी स्वतःही वाचलं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्ये 15 ते 25 वयाच्या 43 तरुणांवर 12 आठवड्यांचा प्रयोग झाला होता, 2007 मध्ये तो छापून आला. निम्म्यांना साखर हळू चढेल असा, प्रथिनं जास्त असलेला आहार दिला, बाकीच्यांना नेहमीचा. पहिल्या गटाचे मुरूम जास्त कमी झाले. त्या गटाचं वजनही उतरलं होतं, त्यामुळं फरक नेमका कशाचा हे त्या एका प्रयोगावरून ठरवता येत नाही. 2002 मधला दुसरा अभ्यास मला जास्त विचार करायला लावणारा वाटला. पापुआ न्यू गिनीजवळच्या किटावा बेटावरच्या 1200 लोकांना तपासलं, त्यात पोरंसोरंही होती, तर मुरूम एकालाही सापडला नाही. ते लोक कंद, फळं, नारळ आणि मासे खाणारे. दुधाबद्दल अमेरिकेतल्या 47 हजारांहून जास्त परिचारिकांना शाळेच्या वयात काय खायचात असं विचारून केलेला अभ्यास आहे. त्यात दूध जास्त पिणाऱ्यांत मुरूम जास्त होते, आणि साय काढलेल्या दुधाशी हा संबंध जास्त ठळक होता. आठवणीवर आधारलेली माहिती आहे, तेवढी धरूनच ती वाचावी. दुधानं सगळ्यांनाच मुरूम येतात असं त्यातून निघत नाही. आमच्या तालमीतच माझ्याहून जास्त दूध पिणारे, आरशासारखा चेहरा असलेले पैलवान आहेत.

मॅडमनी लावायला दोन औषधं दिली. सकाळी बेंझॉइल परॉक्साइड, रात्री अडापलीन, वाटाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्यावर पातळ. सुरुवातीला कातडी कोरडी पडून सोलली. बेंझॉइल परॉक्साइडनं माझ्या लाल टॉवेलवर पांढरे डाग पडले, उशीचा अभ्रा फिका पडला; ज्यांना हे औषध मिळेल त्यांनी पांढरा टॉवेल वापरावा. कडुलिंबाचा रस त्यांनी बंद करायला लावला. खाण्यात सगळं एकदम बदलायचं नाही असं सांगितलं. आधी साखर आणि मैदा. दूध त्यानंतर, फरक बघून.

साखरेत सगळ्यात मोठा वाटा उसाच्या रसाचा होता, हे मला कागदावर हिशोब केल्यावर दिसलं. आमच्या भागात रसवंती पावलापावलावर. संध्याकाळची मेहनत संपली की आलं-लिंबू घातलेला मोठा पेला ठरलेला. रस ताजा असतो, डोळ्यांसमोर काढलेला असतो, म्हणून तो औषधासारखा वाटतो. पण उसाच्या रसात साधारण 12 ते 15 टक्के साखर असते. म्हणजे 250 मिलिलिटरच्या पेल्यात 30 ग्रॅमच्या वर, सहा-सात चमचे. जागतिक आरोग्य संघटना साखरेची मर्यादा सांगताना फळांच्या रसातली साखरही त्यात मोजते, अख्ख्या फळातली मोजत नाही. हा फरक मला स्वतःला मोसंबीवरून पटला. एका पेल्याला तीन-चार मोसंबी लागतात आणि तो दोन मिनिटांत संपतो. तीच मोसंबी सोलून खायला बसलो तर दुसरीलाच पोट भरतं. चोथा गाळून टाकला की साखर अडवणारं काही उरत नाही.

म्हणून उसाचा रस बंद केला, मोसंबी आणि चिकू अख्खे खायला लागलो, थंडाईतली खडीसाखर काढली. मिसळ चालू ठेवली, ब्रेडऐवजी ज्वारीची भाकरी घेऊन. आमच्या तालमीत पोरं स्वतःच स्वयंपाक करतात, त्यामुळं भाकरी थापायला मी शिकलोच होतो. भात एक वेळ, तोही आमटी-उसळीबरोबर कालवून. चहा बिनसाखरेचा प्यायला जड गेलं, मग चहाच सोडला.

पण मेहनतीनंतर घशाला कोरड पडते, आणि त्या वेळी हातात पेला लागतोच. ती जागा रिकामी ठेवली असती तर मी परत रसवंतीवर गेलो असतो, हे मला माहीत होतं. तिथं माझा रस आला. घरून जुना मिक्सर आणला. एक काकडी सालासकट, एक आवळा बी काढून, मूठभर कोथिंबीर, पुदिन्याची पानं, सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. पाणी घालून फिरवायचं, गाळायचं नाही. जाडसर लागतं, चावून प्यावं लागतं. आवळ्याचा हंगाम संपला की लिंबू. थंडीत टोमॅटो आणि अर्धं गाजर. उन्हाळ्यात मावशी कोकणातून कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, पाठवते, ते पाण्यात, मीठ-जिरं घालून, साखरेशिवाय. बाटलीतलं अमृत कोकम मात्र साखरेच्या पाकातलं असतं, ते यात धरू नये. पालकाचा कच्चा रस रोज प्यायला मॅडमनी मना केलं. त्यात ऑक्झलेट जास्त असतं, आणि घाम गाळणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या माणसाला मूतखड्याचा धोका.

दुधीचा रसही मी पीत होतो, पण एक गोष्ट आज्जीकडून शिकल्यावर. सुट्टीला गावी गेलो होतो. परसात मांडवावर दुधीचा वेल. मी एक कोवळा दुधी तोडून मिक्सरपाशी आणला, तर आज्जीनं हातातून घेतला. विळीवर देठाकडची एक चकती काढली, जिभेला लावली आणि लगेच अंगणात थुंकली.

"कडू हाय. म्हशीला पण घालू नगंस."

"आज्जी, कारलं पण कडूच असतं की."

"कारल्याचं कडू निराळं. दुधी कडू निघाला तर तो खायचा नाय. आधी चाखायचा, मग चिरायचा."

तिनं चूळ भरली आणि मलाही दुसऱ्या दुधीची चकती चाखायला लावली. ती गोडसर, पाणचट लागली. तेवढीच चालते. कडू दुधीत कुकुर्बिटासिन नावाची द्रव्यं असतात. त्यांनी जबर उलट्या-जुलाब होतात, रक्ताची उलटी होते, रक्तदाब कोसळतो. आपल्या देशात दुधीच्या कडू रसानं माणसं दगावली आहेत, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनं स्पष्ट सांगितलं आहे की कडू लागला तर रस टाकून द्यावा, आणि दुधीच्या रसात दुसरा कुठला रस मिसळू नये. मिसळला की कडूपणा कळत नाही. रंकाळ्यावर मी बघितलेल्या मिश्रणांत दुधी, कारलं, आवळा सगळं एकत्र असायचं. दुधी आधी कुणी चाखला होता का, हे पिणाऱ्याला कळायला मार्ग नाही. म्हणून दुधी घरीच, चाखून, एकटा. काकडीही आधी चाखूनच घालायची.

साखर आणि मैदा सोडून दोन महिने उलटले तसे गालावरचे नवीन मुरूम कमी झाले. कपाळ जवळजवळ स्वच्छ झालं. जबड्याच्या कडेच्या गाठी आणि पाठ मात्र हलत नव्हती. मग दुधाचा विषय निघाला, आणि तो वस्तादांशी बोलल्याशिवाय सुटणार नव्हता.

वस्तादांनी आयुष्यभर पोरं दुधावर वाढवली आहेत. मी समोर बसून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "दूध काढलंस तर ताकद कुठनं आणणार?" प्रश्न बरोबर होता. लिटरभर म्हशीच्या दुधात साधारण 40 ग्रॅम प्रथिनं असतात, अंड्यात 6. म्हणजे लिटरभर दुधाला सहा-सात अंडी. मी तसा हिशोब मांडून त्यांना दाखवला: सकाळी अंडी, दुपारी मोड आलेली मटकी किंवा हरभरे, मेहनतीनंतर भिजवलेले शेंगदाणे, आठवड्यातून दोनदा मटण किंवा मासे, आणि सोमवार-गुरुवारी, जेव्हा आम्ही अंडी खात नाही, तेव्हा दही-ताक आणि डाळ वाढवायची. दही-ताकाचा मुरमांशी संबंध दुधाइतका स्पष्ट दिसलेला नाही, म्हणून ते ठेवलं. थंडाई पाण्यात घोटायची. वस्ताद थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "वजन उतरू द्यायचं नाय. दर आठवड्याला काट्यावर उभा राहायचं, माझ्यासमोर." मला त्यांचा हा होकार डॉक्टरांच्या चिठ्ठीइतकाच मोलाचा वाटतो. आईला पटवणं जास्त अवघड गेलं. तिला वाटलं, पोराला घरचं दूध नकोसं झालं. तिचा तो गैरसमज काढायला मी तिला मॅडमकडे घेऊन गेलो.

वजन उतरलं नाही. पहिले काही दिवस पोट रिकामं वाटायचं, शेंगदाण्यांनी ते भागलं. जबड्याच्या गाठी हळूहळू बसल्या, नवीन यायच्या थांबल्या. त्यात औषधांचा वाटा मोठा आहे, हे मी प्रत्येकाला सांगतो. त्याच काळात मॅडमच्या सांगण्यावरून मी आखाड्यातून आलो की लगेच अंघोळ करायला लागलो. आमच्या लाल मातीत हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर घालतात. माती चांगलीच असते, पण घाम-तेलासकट ती तासभर अंगावर वाळली तर पाठीला सोसत नाही. मालिशचं तेल पाठीला आणि मानेला लावणंही कमी केलं. तेव्हा पाठ कशानं सुधारली, दुधानं, तेलानं की अंघोळीनं, हे मी वेगळं काढू शकत नाही.

दूध-साखरेचं मात्र मला जत्रेनं दाखवलं. चैत्रात गावच्या जत्रेला जाऊन राहिलो. पाहुणेरावळे, पुरणपोळ्या, दुधाचे तांबे, बासुंदी. औषधं रोज लावत होतो, अंघोळ वेळेवर होती, कुस्त्याही नेहमीसारख्याच. परत आल्यावर काही आठवड्यांनी जबड्याच्या त्याच कडेला गाठी आल्या. दूध आणि साखर परत आवरली तशा त्या बसल्या. माझ्या शरीराबद्दल माझी त्यानं खात्री झाली. दुसऱ्याच्या शरीराबद्दल मी बोलणार नाही.

रसाबद्दल मी काय म्हणतो, हे पोरांना नीट ऐकायचं असतं. काकडी-आवळ्याच्या रसानं मुरूम गेले असं मी म्हणत नाही. उसाचा रस गेला आणि त्याची जागा ह्या पेल्यानं धरून ठेवली, त्याचा मला उपयोग झाला. ज्याच्या पेल्यात सफरचंद, अननस आणि वर मध आहे, त्यानं तो पिऊन चेहरा उजळायची वाट बघू नये. आणि खोल, दुखणाऱ्या गाठी असतील तर कुठल्याही रसावर महिने घालवू नयेत, कारण त्या गाठींचे खड्डे कायमचे राहू शकतात. माझ्या उजव्या गालावर दोन आहेत. काळे डाग फिकट होत आलेत, त्यासाठी उन्हात जाताना सनस्क्रीन लावतो.

पाठ पूर्ण बरी झालेली नाही. कुस्त्यांच्या मैदानांचा हंगाम सुरू झाला की एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना खाणं आणि अंघोळ दोन्हींची वेळ चुकते आणि खांद्यांवर परत पुटकुळ्या येतात. पुढच्या महिन्यात मॅडमकडे जायचं आहे. पाठीसाठी धुवायचं वेगळं औषध देऊन बघू, असं त्या म्हणाल्या आहेत.